रात्री आज्जीला दरदरून घाम फुटला तर आधी काय बघायचं आणि औषध कधी द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की रात्री दोनला आज्जींना दरदरून घाम फुटला, अंग गार पडलं, आणि घरात चार माणसांची पाच मतं झाली. काकू म्हणाल्या साखरपाणी पाजा, शेजारचे म्हणाले जिभेखाली गोळी ठेवा, आणि शेवटी कुणीतरी गॅसची गोळी दिली. आज्जी सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी कोल्हापुरात कॅज्युअल्टीला ब्रदर आहे, बारा वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण असे पेशंट रोज बघतो, त्यामुळं जमेल तेवढं सांगतो.

घाबरलं की माणसाचा हात पहिला गोळ्यांच्या डब्याकडं जातो, कायतरी दिलं की बरं वाटतं, पेशंटला नाही तर आपल्याला. तिथंच चुकतं. एक मिनिट, खरंच एकच मिनिट, नुसतं बघायला द्या.

पहिल्यांदा मोठ्यानं हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडून नीट बोलतायत, का नुसतं हं हं करतायत, का चिमटा काढल्यावरच हात हलवतायत, का काहीच नाही? आमच्याकडं पेशंट आला की हेच पहिलं बघतात. नीट बोलत नसतील, गिळता येत नसेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, गोळी नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं साखरपाणी सरळ फुप्फुसात जातं. शुगर कमी झालेला पेशंट सलाईनमधून ग्लुकोज दिलं की काही वेळात उठून बसतो, पण त्याच्या छातीत गेलेलं ते पाणी पुढं आठवडाभर त्रास देतं, मी बघितलंय. श्वास चालू असेल तर अशा पेशंटला कुशीवर वळवा आणि तोंड उघडून बघा, कवळी सैल झालेली असते, आमच्याकडच्या आज्ज्यांच्या तोंडात मिश्री असते, गालात तंबाखू असते. दिसेल ते बोटानं काढा, पण आत खोल बोट घालू नका.

मग छाती आणि पोट बघायचं. मोबाईलवर तीस सेकंद लावून श्वास मोजा आणि दुप्पट करा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात, तीसच्या वर किंवा आठच्या खाली गेले तर मामला गंभीर आहे. आणि मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडझाप करतो तसं मधूनच आचके देत असतील तर तो श्वास धरायचाच नाही, लोक तिथंच फसतात, "श्वास चालू आहे की" म्हणत बसतात. हाकेला ओ नाही आणि श्वास नाही म्हणजे लगेच छाती दाबायला घ्यायची, छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. (इथली एक गंमत, एकदा फोनवर एकाला सांगितलं "आधी सीपीआर चालू करा", तर तो म्हणतो "होय भाऊ, गाडीत घालतोय, सीपीआरलाच आणतोय". आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, दुसरं काय सुचणार माणसाला! तेव्हापासून मी "छाती दाबा" असंच सांगतो.)

आता तुमच्या आज्जींचं. बोलत होत्या, घाम होता, अंग गार होतं. यात दोन मोठे संशयित, शुगर एकदम खाली जाणं आणि हार्ट अटॅक, आणि दोन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यात वयस्कर बाईला, विशेषतः शुगर असेल तर, अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम, दम, मळमळ, "कसंतरीच होतंय" एवढंच. म्हणून गॅस समजून सोडून देऊ नका, रात्री तांबडा रस्सा झाला असला तरी.

म्हणून घरात शुगरचा पेशंट असेल तर ग्लुकोमीटर पाहिजेच. बोट आधी धुवून पुसा, हाताला गुळाचा चिकटा असला तर मशीन १८० दाखवेल आणि खरी शुगर असेल ५०. सत्तरच्या खाली आली आणि माणूस शुद्धीत आहे, गिळतोय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, गूळ पण चालतो, कोल्हापुरात तो कुठं शोधायला लागतोय. पेढा देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळं साखर हळू चढते. पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर परत तेवढीच. मशीन नसेल, पण आज्जी इन्सुलिन घेतात किंवा शुगरची गोळी चालू आहे आणि शुद्धीत आहेत, तर साखर देऊन टाका, थोडी जास्त झाली तरी त्या घटकेला फारसं बिघडत नाही, कमी पडली तर बिघडतं. पण बरं वाटलं म्हणून झोपू नका! ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर लांबतो, शुगर काही तासांनी परत पडते, म्हणून दवाखान्यात दाखवाच.

आणि ती जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट, म्हणजे हार्टच्या पेशंटची. शेजाऱ्याची गोळी आपल्या माणसाला, हा प्रकार आपल्याकडं लई. एक आजोबा आले होते, जुलाबानं अंगातलं पाणी संपलेलं, चक्कर आली म्हणून कुणीतरी ही गोळी ठेवली, आणली तेव्हा बीपी वरचं ७०. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, बीपी खाली आणते, आधीच कमी असेल तर माणूस उभा राहिल्या राहिल्या कोसळतो. ज्याला डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलीय त्यानंच घ्यायची, बसून घ्यायची, आणि व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर अजिबात नाही (हे घरच्यांसमोर कुणी सांगत नाही, आम्ही बाजूला घेऊन विचारतो). ॲस्पिरिनचं वेगळं आहे, छातीत दाबून आल्यासारखं असेल, हार्टचाच संशय असेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून खायला सांगतात, पण ॲलर्जी, पोटात रक्तस्राव असलं काही असेल तर नाही, म्हणून १०८ वर विचारूनच द्या.

तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोबडं बोलतायत, असं असेल तर मात्र ॲस्पिरिन नको, बीपीची जादा गोळी नको, पाणी पण नको. मेंदूत गुठळी आहे का रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून शेवटचं ठीक कधी बघितलं होतं ती वेळ लक्षात ठेवा. आम्ही विचारतो आणि दहातले आठजण म्हणतात "संध्याकाळीच की कधीतरी".

लहान पोरांचं एकच सांगतो. पॅरासिटामॉलचं, म्हणजे तापाचं, औषध ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं येतं, २५० चं येतं, आणि थेंबांची बाटली असते त्यात एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. थेंबांच्या बाटलीतलं चमच्यानं पाजलेलं पोर मी बघितलंय. डोस वजनावर असतो, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, वयावर नाही, आणि बाटली प्रत्येक वेळी वाचायची, रात्री पण लाईट लावून.

शेवटी कागदाचं, कारण तुम्ही विचारलंय दवाखान्यात काय सांगायचं. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, कशाची ॲलर्जी, शेवटचं कधी जेवल्या. एकानं कॅलेंडरचं पान फाडून मागं लिहून आणलं होतं, "२.१० घाम, २.१५ शुगर ५४, २.२० साखर ३ चमचे, २.३५ शुगर ८८", आणि खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं स्टेपल केलेली. डॉक्टरांनी तो कागद तसाच केसपेपरला जोडला.