वाचकांचे प्रश्न : ४५० अधिक ३२५ बरोबर ४५०३२५?

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांची असून इतवारीतील एका घाऊक कापड दुकानात हिशेबाचे काम करते. टॅलीचा चांगला सराव आहे. प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून आपापल्या सवडीने पूर्ण करायचा पायथन या संगणकीय भाषेचा एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या धड्यापाशी सोडून दिला. व्हिडिओतील शिक्षक दोन रकमा टाइप करतात व त्यांची बेरीज बरोबर येते. मी हुबेहूब तेच लिहून ४५० आणि ३२५ टाकले की पडद्यावर ४५०३२५ उमटते. त्याआधी प्रिंट या शब्दापुढे शिक्षक कंस देत नव्हते, पण माझ्याकडे कंसाशिवाय काही चालेना. वाणिज्य शाखेची असल्यामुळे हे मला जमणार नाही का? सीताबर्डीवरील एखाद्या क्लासला जावे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपण कंसाची गोष्ट लिहिली हे फार बरे केले, कारण दुखणे नेमके कोठे आहे ते त्यावरूनच कळते. आपले गणितही कच्चे नाही आणि वाणिज्य शाखेचाही यात काही दोष नाही. आपण पाहत असलेले धडे पायथनच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचे आहेत आणि आपल्या संगणकावर तिसरी आवृत्ती आहे.

गुइडो व्हान रॉसम यांनी पायथन प्रथम १९९१ साली प्रसिद्ध केली. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, तरी जुनी आवृत्ती पुढे अकरा वर्षे तिच्या जोडीने वापरात राहिली आणि तिची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्या काळात तयार झालेले असंख्य व्हिडिओ आजही जागच्या जागी आहेत. जुन्या आवृत्तीत ‘इनपुट’ ही आज्ञा टाइप केलेला मजकूर स्वतःच सोडवून पाहत असे, त्यामुळे ४५० ही आपोआप संख्या होई. परंतु त्याच वाटेने एखाद्याने रकमेऐवजी भलतीच आज्ञा टाइप केली तर संगणक तीही पाळत असे. हा धोका टाळण्यासाठी तिसऱ्या आवृत्तीत कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट केवळ अक्षरे म्हणून घेतली जाते, आणि अक्षरांमध्ये अधिकचे चिन्ह घातले की ती एकमेकांना चिकटतात. ‘दुकान’ आणि ‘दार’ मिळून ‘दुकानदार’ होते, तसेच आपल्या दोन रकमांचे झाले. ‘इंट’ (int) ही आज्ञा अक्षरांतील आकड्यांची पूर्णांक संख्या करते. ‘इनपुट’ची संपूर्ण आज्ञा तिच्या कंसात ठेवा, म्हणजे उत्तर ७७५ येईल.

आपण हिशेबनीस आहात म्हणून पुढचा खड्डा आताच दाखवून ठेवतो. रकमेत पैसे आले की ‘इंट’ अडून बसेल आणि धड्यात त्याऐवजी ‘फ्लोट’, म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्यांची आज्ञा, वापरायला सांगतील. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण संगणक ‘फ्लोट’ संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतो आणि त्या पद्धतीत एक दशांश नेमका लिहिताच येत नाही. रोजमेळात असला फरक आपल्याला सहन होणार नाही. तेव्हा रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवाव्यात किंवा दशांश संख्या जशीच्या तशी ठेवणारी पायथनमधील ‘डेसिमल’ची सोय वापरावी.

क्लासची मला तूर्त गरज दिसत नाही. क्लासमध्ये शेजारी बसलेला कोणीतरी ‘अहो, हे जुने आहे’ असे सांगतो, तो माणूस घरबसल्या अभ्यासक्रमात नसतो, एवढीच खरी उणीव आहे. म्हणून अभ्यासक्रम निवडतानाच पहिला धडा उघडून प्रिंटपुढे कंस आहे की नाही हे पाहून घ्यावे. नसेल तर तो तिथेच बंद करावा, भले शिकवणारा कितीही गोड बोलणारा असो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदनाचेही धडे आहेत आणि एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्रॅम अशी ती शिकण्याची रीत आहे. तेथेही आवृत्ती पाहावीच. चूक दाखवणारा इंग्रजी मजकूर लांबलचक आला तर तो शेवटच्या ओळीपासून वाचावा, कारण चुकीचे नाव तेथे असते आणि ओळीचा क्रमांक त्याच्या जरा वर.

‘आपल्या सवडीने’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा दुपारी दुकानात गिऱ्हाईक तुरळकच असेल. मालकांना विचारून त्यातला अर्धा तास ठरवून घ्यावा, व्हिडिओ बंद करून धडा आठवणीने पुन्हा लिहावा आणि मग त्यात उधारीच्या वहीतील खरी चार नावे घालून पाहावीत.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. पायथनचा असा ऑनलाइन अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र मिळते का आणि त्यासाठी लॅपटॉप घ्यावाच लागेल का?
— एक पालक, हिंगणा मार्ग, नागपूर

उत्तर : केंद्र सरकारच्या स्वयम् या व्यासपीठावरील एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या अभ्यासक्रमांना नावनोंदणी विनामूल्य असते. प्रमाणपत्रासाठी मात्र दर आठवड्याचा स्वाध्याय मुदतीत द्यावा लागतो आणि शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते; म्हणजे ते सवडीचे काम राहत नाही, आणि बारावीच्या वर्षी ते ओझे मी घालणार नाही. लॅपटॉपची घाई नको. गूगल कोलॅबसारख्या सोयीमुळे पायथन थेट ब्राउझरमध्ये चालते, परंतु मोबाइलच्या कळफलकावर कंस आणि ओळींपुढील मोकळ्या जागा सांभाळताना जीव मेटाकुटीस येतो. घरात जुना डेस्कटॉप असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या.