वाचकांचे प्रश्न : पाणबुडीचं किट तर आणलं, आता पुढे?

मॉडेल पाणबुडीबद्दल बरेच प्रश्न साठलेत, त्यातले पाच घेतलेत. वजनाच्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

प्रश्न (नाशिक) : सर, भाच्यासाठी रेव्हेलचं टाइप सेव्हन-सी यू-बोटचं १/७२ किट घेतलंय. दुकानदार म्हणाला हे शोकेसमध्ये ठेवायचं मॉडेल आहे. यात मोटर घालून रिमोटवर पाण्याखाली चालवता येईल का? सगळे जोड एपॉक्सीने नीट बंद केले तर चालेल ना?

उत्तर : चालवता येईल, आणि या किटवर हा प्रयोग खूप लोकांनी यशस्वी केलाय. पण जोड बंद करायचं आधी डोक्यातून काढा. जवळजवळ मीटरभर लांब प्लास्टिकचं खोकं, त्यात डेकची सांध, वर उठलेल्या टॉवरची सांध, हे सगळं पाणी न शिरता टिकवणं अशक्यच समजा, आणि टिकलंच तर आत इतकी हवा राहील की बोट खाली न्यायला किलोकिलोने शिसं भरावं लागेल. करायचं बरोबर उलटं. बाहेरच्या कवचात पाणी बिनधास्त येऊ-जाऊ द्यायचं आणि बॅटरी, रिसिव्हर, मोटर, बॅलास्ट टँक (पाणी आत घेऊन बोट खाली नेणारी टाकी) हे सगळं आत एका वॉटरटाइट नळीत ठेवायचं.

खरी बोटही, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, अशीच होती. टाइप सेव्हन-सी ६७.१ मीटर लांब, पण माणसं राहायची ते आतलं गोल प्रेशर हल (पाण्याचा दाब झेलणारं बंद नळकांडं) ४.७ मीटर व्यासाचं, डेकखालची बाकीची जागा पाण्याला मोकळी. किट १/७२ म्हणजे खऱ्या बोटीच्या बहात्तराव्या भागाएवढं, म्हणून ४.७ मीटरला ७२ ने भागा, साडेसहा सेंटीमीटर येतात. म्हणजे तुमची नळी साधारण तेवढ्याच व्यासाची आणि जवळपास त्याच जागी बसते, मला हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा फार आनंद झाला होता. (आपल्या माझगाव डॉकमध्ये बनलेली आयएनएस कलवरी ६७.५ मीटर लांब आहे, म्हणजे भाच्याला सांगा की हे मॉडेल ७२ पट मोठं केलं की साधारण कलवरीएवढी लांबी होते.)

नळी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची घ्या, आत पाण्याचा थेंब आला तर लगेच दिसतो. कवचावर पाणी आत-बाहेर जायच्या ज्या फटी नुसत्या कोरलेल्या असतात त्या बारीक ड्रिलने खरोखर उघडा, कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन संध्याकाळी जातील. डेकच्या सगळ्यात उंच भागातही हवा निघायला भोकं हवीत, नाहीतर आत बुडबुडा अडकतो आणि बोट एका बाजूला कलते, मग माणूस दिवसभर वजनं सरकवत बसतो आणि कारण सापडत नाही.

प्रश्न (पुणे) : पिस्टन टँकवालं किट जोडलं. टँक रिकामा असताना बोट छान तरंगते. टँक भरला की एकतर अर्धी पाण्याबाहेरच राहते, नाहीतर थोडं शिसं वाढवलं की दगडासारखी तळाला जाते. टँक लहान पडतोय का? किती मिलीचा हवा हे मोजायचं कसं?

उत्तर : पिस्टन टँक म्हणजे मोठी सिरिंजच, मोटर स्क्रू फिरवते आणि पिस्टन पाणी आत ओढतो किंवा बाहेर ढकलतो. तो किती मिलीचा हवा हे बोटीच्या एकूण आकारावर ठरत नाही, तरंगताना पाण्यावर काय काय दिसतंय त्यावर ठरतं. बोट खाली जाताना वॉटरलाइनच्या (तरंगताना पाणी जिथवर येतं ती रेषा) वरचा सगळा ऐवज पाण्यात जातो आणि स्वतःच्या आकाराएवढं पाणी बाजूला सारतो, तेवढंच पाणी टँकने आत घ्यायला हवं. कवच पाण्याला मोकळं असल्यामुळे इथे आतली पोकळी धरायची नाही, फक्त प्लास्टिकची जाडी धरायची.

आता सोपी युक्ती. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं, त्याची घनता १.०५ च्या आसपास, म्हणजे पाण्याएवढीच जवळजवळ. त्यामुळे डेक, टॉवर, वॉटरलाइनच्या वरचा कवचाचा भाग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, जितके ग्रॅम येतील साधारण तितके मिली. समजा २५० ग्रॅम आले तर टँक २५० मिलीचा, वर थोडी सवलत ठेवून २८० धरा. रेलिंग, तोफ वगैरे पितळेचे लावले असतील तर ते वेगळे मोजा, पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, म्हणजे ८५ ग्रॅमचं पितळ फक्त १० मिली जागा घेतं. आणि नळीचा किंवा बोट तरंगायला आत लावलेल्या फोमचा काही भाग वॉटरलाइनच्या वर येत असेल तर तोही धरावा लागतो, बहुतेक जण हेच विसरतात, तुमचंही तेच झालं असावं असं मला वाटतंय.

मग ट्रिम, म्हणजे शिसं आणि फोम जुळवून बोटीचा तोल साधणं. लहान मुलांचा फुगवायचा पूल घ्या, बादलीत ही बोट मावत नाही. आधी टँक पूर्ण भरा आणि शिसं-फोम कमीजास्त करून बोट अशी आणा की टॉवरचं फक्त टोक पाण्यावर राहील आणि बोट आडवी सरळ असेल. तेवढं जमलं की मग टँक रिकामा करून वॉटरलाइन बघा. बोट जास्तच खोल तरंगतेय? फोम कमी-जास्त करू नका, फक्त वॉटरलाइनच्या वरचा थोडा फोम काढून खाली लावा, बुडालेल्या अवस्थेतला तोल तसाच राहतो आणि तरंगताना बोट वर येते. उलटं असेल तर उलटं करा. शिसं मात्र कायम अगदी तळाशी, कीलजवळ (बोटीचा तळाचा कणा), म्हणजे बोट लोळत नाही.

शिसं लागतं तरी किती, याचा अंदाज आधीच घ्या. साडेसहा सेंटीमीटर व्यासाची ४० सेंटीमीटर लांब नळी एक लिटर ३०० मिलीच्या वर पाणी बाजूला सारते, म्हणजे नळी, आतलं सामान आणि शिसं मिळून १.३ किलो व्हायलाच हवं. कोळ्यांच्या जाळ्याला लावायची शिशाची वजनं मिळतात ती उत्तम. नेहमीचा दाणेदार थर्मोकोल वापरू नका, दाण्यांमध्ये हळूहळू पाणी मुरतं, दाट एक्सपीएस फोम (दाणे नसलेला, एकसंध) घ्या. आणि फोमला फेविक्विक लावू नका, ते फोम खातं. सुरुवातीला सगळं रबरबँडने बांधा, ट्रिम पक्का झाल्यावरच चिकटवा.

प्रश्न (रत्नागिरी) : माझ्याकडे विमानाचा २.४ गिगाहर्ट्झचा चांगला सेट आहे. पाण्यावर बोट मस्त चालते, खाली गेली की लगेच सिग्नल जातो. अँटेना लांब करू का? मला पुढे खाडीत चालवायचीये.

उत्तर : अँटेना लांब करून काही होणार नाही. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी शोषून घेतं, अँटेना पाण्याखाली गेला की खेळ संपला. म्हणून पाणबुडीवाले अजूनही जुन्या कमी फ्रिक्वेन्सीचे सेट जपून ठेवतात, जर्मनी-ब्रिटनमध्ये ४० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ७५. आपल्याकडे २७ मेगाहर्ट्झचा ठरावीक पट्टा कमी पॉवरवर विनापरवाना चालतो, तळ्याच्या गोड्या पाण्यात मीटर-दीड मीटर खोल काम व्यवस्थित होतं. तुमचाच सेट ठेवायचा असेल तर अँटेना एका छोट्या तरंगत्या बोयावर ठेवून वायर बोटीला जोडा, दिसायला बरं नाही पण चालतं.

खाडीचं मात्र सोडून द्या. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यात २७ मेगाहर्ट्झसुद्धा काही सेंटीमीटरमध्येच क्षीण होतो. म्हणूनच नौदलाला पाण्याखालच्या पाणबुड्यांना निरोप द्यायला तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मनसारखं प्रचंड उंच मनोऱ्यांचं अतिशय कमी फ्रिक्वेन्सीचं केंद्र लागतं. शिवाय समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, तीन किलोची बोट गोड्या पाण्यात ट्रिम केली असेल तर तिथे आणखी ७५ ग्रॅम लागतील.

प्रश्न (ठाणे) : दर वेळी नळीत पाण्याचे बारीक थेंब दिसतात. झाकणाच्या ओ-रिंग (गोल रबरी रिंग) दोनदा बदलल्या. कुठून येतंय कळत नाही.

उत्तर : आधी हे खरंच गळतंय का ते बघा. पावसाळ्यात दमट हवेत नळी बंद केली आणि गार पाण्यात सोडली की आतल्याच हवेतली वाफ नळीला आतून जमते. सिलिका जेलची पुडी आत टाका, थेंब गेले तर प्रश्न मिटला. नाही गेले तर पंक्चरवाल्यासारखं करा. नळीला सायकलचा व्हॉल्व्ह बसवा, हलकेच हवा भरा, टबात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. हलकेच म्हणजे हलकेच, साडेसहा सेंटीमीटरच्या झाकणावर एक मीटर खोलीचाच दाब साधारण ३.३ किलोचा होतो, त्याहून फार जास्त भरलंत तर झाकण बंदुकीसारखं उडेल.

बुडबुडे बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टमधून नाहीतर पुशरॉडच्या (पंख हलवणारी सळी) रबरी बेलोमधून, म्हणजे घड्यांच्या नळीतून, येतात. सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने नैसर्गिक रबर फुगून खराब होतं. आणि झाकण लावायच्या आधी ओ-रिंगवरून हाताचं बोट फिरवून बघत चला. माझा एक रिसिव्हर ओ-रिंगखाली अडकलेल्या एका केसामुळे गेलाय, पाणी फक्त चमचाभर आलं होतं पण नेमकं रिसिव्हरवर साचलं. तेव्हापासून मी रिसिव्हर नळीत वरच्या बाजूला आणि बॅटरी खाली ठेवतो.

प्रश्न (कोल्हापूर, इयत्ता नववी) : काका, माझी बोट तळ्यात खाली गेली आणि वर आलीच नाही तर? बाबा म्हणतात तेवढं सांग मग किट घेऊ.

उत्तर : बाबांनी बरोबर विचारलंय रे. तीन गोष्टी करायच्या. पहिली, फेलसेफ. सिग्नल गेला किंवा बॅटरी कमी झाली की मोटर बंद आणि टँक आपोआप रिकामा, ही सोय असलेलाच कंट्रोलर घ्यायचा, आणि जुना २७ चा सेट असेल तर त्यात ही सोय नसते, वेगळं फेलसेफ मॉड्यूल जोडावं लागतं. दुसरी, टँक भरल्यावरही बोट किंचित हलकीच ठेव, टॉवरचं टोक वर राहील इतकी. मग खाली जायचं ते मोटर चालवून आणि पुढचे-मागचे पंख वाकवून. मोटर थांबली की ती स्वतःच हळूहळू वर येते, एकदम गुळगुळीत, बघायला फार छान वाटतं. तिसरी, पहिले दहा-बारा वेळा तळ्यात न्यायचीच नाही. पोहायचा तलाव सकाळी रिकामा असताना परवानगी काढून वापर, तळ दिसतो, कोणी मोठं माणूस बुडी मारून आणू शकतं. तळ्यातलं पाणी गढूळ असतं आणि शेवाळ प्रोपेलरला गुंडाळलं जातं, तेव्हा फेलसेफ काम करूनही बोट गवतात अडकून बसते.

दर वेळी पाण्यात सोडायच्या आधी एक टेस्ट कर. बोट काठावर पाण्यात धरून टँक भर, आणि ट्रान्समीटर बंद कर. टँक रिकामा व्हायला लागला पाहिजे. नाही लागला तर त्या दिवशी बोट परत पेटीत.