२०१९ची मियाटा देऊन २००७ची बॉक्सटर घ्यावी का?

नका घेऊ. दोन्ही टप उघडणाऱ्या, दोन आसनांच्या गाड्या: मियाटा माझदाची छोटी, बॉक्सटर पोर्शेची. २०१९ची मियाटा म्हणजे १८१ हॉर्सपॉवरचं, ७,५०० आरपीएमपर्यंत चढणारं सुधारित इंजिन. ते घालवून २००७ची बॉक्सटर कशाला?

मी हे करून बसलोय. न्यू जर्सीत नवा होतो तेव्हा जुनी १९९४ची लाल मियाटा घेतली होती, उघडमीट करणाऱ्या दिव्यांची. दिवे वर आले की मुलगी दारातून ओरडायची, "बाबा, गाडी उठली!" रविवारी पहाटे मी आणि बायको न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट जर्व्हिसच्या पुढे, डेलावेअर नदीच्या कड्यावर हॉक्स नेस्टची वळणं आहेत, तिथे जायचो. टप उघडा, दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. जेमतेम १२८ हॉर्सपॉवर, पण सगळी वापरली जायची.

मेहुणा आला की त्याचं एकच टुमणं. "दाजी, ही पोरींची गाडी. पोर्शे घ्या." माझ्याच घरी, चारचौघांत, भरल्या ताटावर. पाच-सहा वर्षं ऐकलं आणि २०११मध्ये मियाटा देऊन बॉक्सटर आणली. तिने एकदाही त्रास दिला नाही, हे सांगायलाच हवं. पण त्याच वळणांवरून ती अर्ध्या ताकदीत निवांत निघायची. दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली की वेगमर्यादा गेलीच. आभाळ भरून आलं की मी ती बाहेरच काढायचो नाही. चालवणं कमी, जपणं जास्त. तीन वर्षांत विकली. लाल मियाटा मात्र आजही आठवते.

पोरींची गाडी म्हणणाऱ्यांनी स्पेक मियाटाची एक शर्यत बघावी. अमेरिकेतल्या हौशी शर्यतींत या गाडीचा स्वतंत्र वर्ग आहे. आणि पोरींनी चालवली तर त्यात कमीपणा कसला? माझी मुलगी आज क्लच-गिअरची गाडी चालवते, मेहुणा ऑटोमॅटिक.

हां, तुमची उंची सहा फुटांच्या वर असेल आणि गुडघे स्टिअरिंगला अडत असतील तर गोष्ट वेगळी. मग निदान २००९ किंवा नंतरची बॉक्सटर बघा. २००७च्या इंजिनात इंटरमिजिएट शाफ्टचं (क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बदलायचं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं, आणि ते बेअरिंग गेलं तर इंजिनच गेलं. २००९पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. न्यू जर्सीत असाल तर जुनी गाडी डीलरला एक्स्चेंजमध्येच द्या, विक्रीकर फक्त दोन्ही गाड्यांच्या किमतींतल्या फरकावर लागतो.