स्प्लिंट कधी काढता, ते आधी विचार

हाय गं,

हँड क्लिनिकला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लागलीस, दुखावलेला हात पुन्हा रोजच्या कामाला लावायचं काम, मस्त झालं. तू विचारलंयस की आधी काय पक्कं करू, स्प्लिंटचं, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या साच्याचं कटिंग, की प्रोटोकॉल, म्हणजे कुठल्या आठवड्यात काय करायचं ते. ते दोन्ही येईल गं, हात बसत जातो. आधी पेशंटशी बोलायला शीक. आणि "स्प्लिंट काढता का" असं नाही विचारायचं, त्याला सगळे नाहीच म्हणतात, "कधी काढता" असं विचारायचं, मग खरं बाहेर येतं.

समज चाकणचा एक कामगार आलाय, पत्र्याने बोट कापलेलं, झोन टूचं (तळहाताच्या वरच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत) फ्लेक्सर टेन्डन रिपेअर, म्हणजे बोट वाकवणारी तुटलेली दोरी टाके घालून जोडलेली, उजवा हात. तू छान डॉर्सल ब्लॉकिंग स्प्लिंट केलास, हाताच्या पाठीकडून बसणारा आणि बोटं पूर्ण सरळ होऊ न देणारा, मनगट जवळपास सरळ, बोटं मुळाशी साधारण ६० अंशात वाकलेली, पुढचे सांधे सरळ, कडा बाहेर वळवलेल्या, करंगळीकडचं मनगटाचं हाड कुठे दाबत नाहीये. सगळं पुस्तकात असतं तसं. आणि हा बाबा आठव्या दिवशी चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसला, चारचौघांत डाव्या हाताने कसं जेवायचं म्हणून स्प्लिंट काढून ठेवला आणि पुरी मोडायला गेला! नेमका पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच टाका घातलेला टेन्डन सगळ्यात कच्चा असतो, आणि तोवर दुखणं कमी झालेलं असतं म्हणून पेशंटला वाटतं झालं बरं. मग "पेशंट ऐकतच नाही" असं फाइलमध्ये लिहून उपयोग काय? लग्न आहे का, जेवताना काय करणार, आंघोळ कोण घालणार, हे पहिल्याच दिवशी विचार, आणि घरच्यांना समोर बसवून सांग की दीड-दोन महिने डावा हात आणि चमचा. घरच्या मोठ्या माणसाने एकदा हो म्हटलं की त्याची लाज निम्मी जाते. आणि हो, आपण स्प्लिंटचं प्लास्टिक ६५-७० अंशाच्या पाण्यात मऊ करतो ना, म्हणून गीझरच्या कडक पाण्याने धुवायचा नाही, दुपारी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, शेप जातो. हे सांगायचं राहूनच जातं.

डिस्चार्ज कार्डवर नुसतं "टेन्डन रिपेअर, फिजिओ" एवढंच असतं. त्यावर काही सुरू करू नकोस, सर्जनला फोन लाव. किती स्ट्रँडचा टाका आहे (म्हणजे जोडावरून किती धागे गेलेत), नर्व्हही जोडलीय का, टेन्डनला हाडाशी धरून ठेवणारी कुठली पुली उघडली, हे कळल्याशिवाय बोट स्वतःहून किती हलवू द्यायचं हे तू ठरवणार कसं? सर्जन ओपीडीत वैतागतील, वैतागू देत.

डायनॅमोमीटर, म्हणजे पकडीचा जोर मोजायचं यंत्र, हातात आला की सगळ्यांना पिळायला द्यावासा वाटतो. टेन्डनवाल्याला साधारण १२ आठवडे पूर्ण जोर लावायला द्यायचाच नाही, ग्रिपचा आकडा नंतर घे. मनगट फ्रॅक्चरच्या काकू आल्या की आधी गळ्यातली झोळी बघ, दिवसभर त्यात हात ठेवून बोटं आणि खांदा दोन्ही आखडून बसलेले असतात.

"तुम्ही फिजिओ का?" हे रोज ऐकशील. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तरी अजून हे चाललंयच, आपण चिडून काय होणार. त्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात तो चाकणचा कामगार कामावर परत जाईल तेव्हा आपलं काम दिसू दे. त्याच्या हातात काय धरलं जातं, किती वेळ, मशीनचं हँडल केवढं जाड, हे त्याच्याकडून फोटो मागवून बघ आणि तसाच सराव घे, नुसता स्माइली बॉल दाबायला देऊन मोकळी होऊ नकोस. आणि कंपनीला पत्र देताना "लाइट ड्यूटी" एवढंच लिहू नकोस, लाइट ड्यूटी म्हणून त्याला ट्रॉली ढकलायला देतात. किती किलोपर्यंत, कुठल्या हाताने, कुठलं मशीन अजून नको, सगळं लिही, आणि मराठीत लिही, ते एचआरपेक्षा लाइनवरचा सुपरवायझर वाचणार आहे.

तुझी,
ताई