तलावपाळी, कानाची पाळी, रात्रपाळी

तुम्ही विचारलंय, "तुमचा सर्वांत आवडता वेगळा मराठी शब्द कोणता आणि तो आला कुठून?"

माझा शब्द आहे 'पाळी'. यात वेगळं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तीस-बत्तीस वर्षं तसंच वाटत होतं.

मी ठाण्याची. मासुंदा तलावाच्या काठाला आम्ही तलावपाळी म्हणतो. गडकरी रंगायतनला नाटक असो, कौपिनेश्वराचं दर्शन असो किंवा नुसतं पाय मोकळे करायचे असोत, "तलावपाळीला भेट" एवढं सांगितलं की पुरतं. या नावात विचारण्यासारखं काही असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मग भाचीचे कान टोचायचे ठरले. जांभळी नाक्याजवळच्या एका सोनारकाकांकडे आम्ही तिला घेऊन गेलो. काकांनी निळ्या पेनाने तिच्या दोन्ही कानांवर ठिपके काढले, तिला समोर बसवून चष्म्यावरून निरखून पाहिलं, डावीकडचा ठिपका ओल्या कापसाने पुसला आणि केसभर खाली पुन्हा काढला. ताईला म्हणाले, "पाळी फार नाजूक आहे हिची. एवढ्यात जड काही घालू नका, फाटते." सोन्याची तार आरपार गेली, भाचीने दुकान डोक्यावर घेतलं. तिला बोटीत बसवायचं कबूल केलेलं होतं, म्हणून बाहेर पडताच ताई म्हणाली, "चल, आता तलावपाळीला."

कानाची पाळी आणि तलावाची पाळी पाच मिनिटांच्या अंतराने ऐकल्या आणि मी चालता चालता थांबलेच. हा एकच शब्द आहे की काय?

रात्री आपट्यांचा संस्कृत कोश उघडला. 'पालि' या शब्दाखाली अर्थांची रांगच होती. कानाचं टोक, कड, सीमा, ओळ, बांध. म्हणजे कानाची खालची कड ती पाळी आणि पाण्याची कड, पाणी अडवणारा बांध, तीही पाळी. सोनारकाकांचं दुकान आणि बोटीचा धक्का एकाच शब्दाने जोडलेले होते.

पण मला खरा आनंद झाला तो 'ओळ' या अर्थाचा. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, यावर आमच्या घराचं सगळं वेळापत्रक चालायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी रेडिओ बंद, कुकरची शिट्टी बंद, आम्ही भावंडं जिन्यात खेळायचो. ती पाळी याच घरातली. ओळ म्हटली की क्रम आला, एकामागून एक येणं आलं, आणि मग ज्याची त्याची वेळ ती त्याची पाळी. मासिक पाळीतली पाळीही हीच, ठरल्या क्रमाने येणारी. बौद्ध ग्रंथांची पाली भाषा, तिचं नावही इथूनच आलं. पालि म्हणजे ग्रंथातली ओळ, मूळ पाठ, आणि त्या पाठाची भाषा ती पाली.

तलावापासून जवळच आमच्याकडे खारकर आळी आहे. 'आळी'चं मूळ संस्कृत 'आलि', त्याचाही अर्थ रांग, घरांची रांग. आणि गंमत म्हणजे 'आलि'चा दुसरा अर्थ बांध! तेव्हापासून "आळीपाळीने करा" असं कुणी म्हटलं की मला ठाण्याचा नकाशा दिसतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तुम्हाला शब्दांच्या मुळाची आवड दिसते. फोनवर रोज फिरणाऱ्या व्युत्पत्त्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. आधी पाहायचं की आवाज ज्या रीतीने बदललाय, तसाच तो इतर शब्दांतही बदललाय का. संस्कृतातला दोन स्वरांमधला ल मराठीत ळ होतो. फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. म्हणून पालि-पाळी आणि आलि-आळी यांवर माझा भरवसा बसला. ही सवय लागली की शब्द शोधायची गोडी कमी होत नाही, उलट वाढते.

दुसरा आवडता शब्द थोडक्यात सांगते. तुरुंग. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगिजांनी बांधायला घेतला होता आणि 1737 मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीजच. त्यांचा 'त्रोंको' म्हणजे झाडाचा बुंधा. त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड आणि त्यावरून कैदखाना. आपणही 'खोड' आणि 'खोडा' असंच केलंय ना! दोन वेगळ्या भाषांना बेडीसाठी झाडच आठवावं, हे वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ त्याच पानावर होते. पाटीवर काही का लिहिलेलं असेना, त्या दगडी भिंतीशेजारून जाताना मला तुरुंग हाच शब्द आठवतो. किल्ला बांधणारे गेले, शब्द मात्र आपल्या तोंडी राहिला.

आणि आता मीठ. याच्यावर मी तासभर बोलू शकते.

मी नोकरीला ऐरोलीला जाते. माझ्या शेजारच्या टेबलावरचे दादा घणसोली गावातले, आगरी. त्यांचे आजोबा मिठागरात कामाला होते. 'आगरी' हे नाव 'आगर'वरून आलं आणि आगर आलं संस्कृत 'आकर'वरून, म्हणजे खाण, साठा. इथेही तीच परीक्षा लावून पाहा. मकर-मगर, बक-बगळा, आकर-आगर. क चा ग झालाय. मुलुंड-कांजूरमार्गच्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्गावरून जी मिठागरं दिसतात, ती शब्दशः मिठाच्या खाणी.

मग मीठ कुठून आलं? 'मृष्ट', 'मिष्ट' यावरून, म्हणजे चवदार, गोड! मीठ आणि मिठाई ही सख्खी भावंडं आहेत. ज्याच्यामुळे अन्नाला चव येते त्यालाच आपण 'चवदार' हे नाव देऊन टाकलं. गुजरातीतही मिठाला 'मीठुं'च म्हणतात.

पण मग मिठाचं जुनं नाव, लवण, ते गेलं कुठे? ते कुठेच गेलेलं नाही, आपल्या स्वयंपाकघरातच आहे. लवणाचं लोण झालं आणि ते लोणच्यात जाऊन बसलं. बरणीतलं लोणचं म्हणजे मूळचं 'खारवलेलं'. आणि दुसरीकडे ते जिथे आहे, तिथे तर कुणी शोधणारही नाही. अळणी. अ-लवण, लवण नसलेलं. इथेही ल चा ळ झालाय, बघा.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. ती थांबली, "अ-लवण," असं दोनदा सावकाश म्हणून पाहिलं, आणि म्हणाली, "माझी आजी अलोणी म्हणायची. अळणी नाही, अलोणी. उपासाला अलोणी जेवायची. मला वाटायचं तिचा उच्चार चुकतो."

पणजीचा उच्चार चुकत नव्हता. तिच्या शब्दात लोण जसंच्या तसं ऐकू येत होतं. आईने त्या संध्याकाळी तिच्या आजीचे आणखी सहा-सात शब्द मला लिहून दिले. त्यातल्या तिघांचा पत्ता लागलाय, बाकीचे शोधतेय. तुमच्या घरी कुणाच्या तोंडी असे 'चुकीचे' वाटणारे शब्द असतील तर मला नक्की कळवा, आणि ते कुठल्या गावचे आहेत तेही लिहा.