पहिली आखाजी आणि न आठवणारा चेहरा

"त्यास्ना चेहराच ध्यानमा येत नही, ताई. मी त्यास्ले इसरी गऊ का?"

घरातलं माणूस जाऊन सहा-आठ महिने झाले की समुपदेशनात हा प्रश्न येतोच: त्यांचा चेहराच आठवत नाही, मी त्यांना विसरले का? कुणी अहिराणीत विचारतं, कुणी मराठीत, कुणी नुसतं रडतं आणि सोबत आलेली बहीण विचारते. डोळे मिटून माणूस आठवायला जावं तर एकच चित्र उभं राहतं, तेही शेवटचं. बाकी सगळं पुसल्यासारखं. दुःखाच्या जोडीला मग अपराधीपणा येऊन बसतो.

पुढची हकीकत तापीवरच्या एका धरणाच्या फुगवट्याकाठची आहे. नाव, वय, नाती बदलली आहेत आणि दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत. साठ-सत्तर घरांची वस्ती. पावसाळ्यात तीन बाजूंनी पाणी चढतं आणि चौथ्या बाजूचा फरशी पूल बुडाला की वस्तीचं बेट होतं. सुनंदाताईंचे यजमान भादव्यात, धरण भरलेलं असताना, जाळं काढायला गेले आणि बुडाले. दुसऱ्या दिवशी सापडले. शोधायला सगळी वस्ती पाण्यात उतरली होती. त्या भेटायला आल्या त्या होळीनंतर, आणि सासूबाईंनी पाठवलं म्हणून. आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती; त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. "घागर भरायची आहे, आणि ही तर फोटोकडे पाहतसुद्धा नाही," ही सासूबाईंची तक्रार.

अशा वस्तीत समुपदेशन करायचं तर पहिली अडचण जागेची असते. गाडी वस्तीत शिरली की पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं, आणि संध्याकाळपर्यंत "तिला डोक्याचा त्रास आहे" ही बातमी फिरते. म्हणून भेटी तालुक्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवल्या. त्या दिवशी सगळ्याच बायका वस्तीबाहेर पडतात, कुणी कुठे गेलं हे विचारत नाही. दीड महिन्यात पाच भेटी झाल्या, प्रत्येकी पाऊण ते एक तास.

पहिल्या भेटीत मृत्यूबद्दल काहीच विचारलं नाही. झोप किती, जेवण किती, दिवसभरातली कामं होतात का, हे विचारलं. जगू नये असं वाटतं का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं. हा प्रश्न विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो अशी भीती नवशिक्यांना वाटते. तसं होत नाही. उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. सुनंदाताईंच्या मनात तसं काही नव्हतं. असतं तर घागर, फोटो, आठवणी सगळं बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा लागला असता. डॉक्टर लांब असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सहा-सात महिने म्हणजे फार झाले का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (2022 पासून लागू असलेल्या आवृत्तीत) लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या निकषांत मोठ्या माणसांसाठी ती एक वर्षाची आहे. दोन्हीकडे नुसते महिने मोजत नाहीत. ओढ जवळजवळ रोजची आणि असह्य आहे का, कामकाज ठप्प झालं आहे का, आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा हे फार वेगळं आहे का, हे पाहतात. सुनंदाताई शेतात जात होत्या, मुलाचा डबा करत होत्या. त्यांना आजाराचं नाव द्यायची गरज नव्हती. "शोकाच्या पाच पायऱ्या असतात, तुमची तिसरी चालू आहे" असलंही काही सांगितलं नाही. त्या पायऱ्या 1969 मध्ये एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मांडल्या त्या स्वतः मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांनी त्याच क्रमाने चालावं असं कुठेही ठरलेलं नाही.

आता चेहऱ्याचं. भीतीच्या क्षणी पाहिलेलं दृश्य मेंदू फार ठळक साठवतो आणि ते न बोलावता पुढे येतं. पाणी दिसलं, ओल्या दोरीचा वास आला की आलंच. बाकीच्या आठवणी जात नाहीत, पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या वाटेवर हे चित्र आडवं पडलेलं असतं. त्यात झोप कमी झालेली. खचलेल्या मनाला नेमका प्रसंग आठवत नाही, गोळाबेरीज तेवढी आठवते. "कसे होते ते?" असं विचारलं की उत्तर येतं, "चांगले होते." त्यापुढे काही नाही. आणि चित्र दाबायला गेलं की ते दुप्पट जोराने येतं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की लोकांना अस्वलच सुचतं, हे डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रयोगाने दाखवलं. सुनंदाताई सहा-सात महिने हेच करत होत्या. चित्र नको म्हणून फोटो नको, फोटो नको म्हणून ओसरीत बसणं नको.

म्हणून चेहरा आठवायचा नाही असं ठरवलं. हात आठवायचे. दोनशे पानी वही घेतली. रोज दहा मिनिटं, तीही सकाळी, कारण रात्री केलं तर झोप जाते. दिवसाला एकच प्रश्न, आणि तो अगदी बारीक. उजव्या हातावर खूण कुठे होती? चहा बशीत ओतून प्यायचे की कपाने? घरात शिरताना चप्पल कुठे काढायचे? हाक कशी मारायचे? लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवायचं, तेही तितकंच चालतं. दहा मिनिटं झाली की वही बंद करून लगेच हाताला काम द्यायचं, भाकरी थापणं किंवा गोठा झाडणं. दुःखाकडे जाणं आणि कामाकडे परतणं ही ये-जा माणसाला सावरते, असं मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया "रडून घे आणि उठ, चूल पेटव" म्हणतात ते याहून फार वेगळं नाही.

पहिले चार दिवस वही कोरी राहिली. हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं आणि इथेच लोक सोडून देतात. पाचव्या दिवशी एक ओळ आली: डांगर कापलं की बिया धुऊन पत्र्यावर वाळवायचे आणि संध्याकाळी सोलून एकट्यानेच खायचे, कुणाला द्यायचे नाहीत. ती ओळ वाचून दाखवताना त्या हसल्या आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळल्या. डांगर म्हणजे खरबूज. खान्देशाबाहेरच्या वाचकांना भोपळा वाटेल, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या भेटीत कळलं की अडचण एकट्या डोक्यातली नव्हती. मृतदेह बाहेर काढतानाचा व्हिडिओ वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला होता आणि अजून तिथेच होता. अकरा वर्षांच्या मुलाने तो शाळेत दुसऱ्या पोराच्या फोनवर पाहिला होता. हे पहिल्या दिवशी सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं! अशा वेळी ग्रुपच्या अॅडमिनला गाठावं लागतं, त्याला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण काही काळच. टाकणाऱ्यालाही साधारण अडीच दिवसांपर्यंतच काढता येतो. त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या फोनमधून काढावा लागतो. ग्रुपमधून गेला तरी गॅलरीत आपोआप सेव्ह झालेला तसाच राहतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इथे दीर घरोघर फिरले, बरोबर पोलीस पाटील होते. तेवीस फोनमधून व्हिडिओ निघाला. विम्याच्या कामात शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा पुन्हा हाताळावा लागत होता, ती फाइलही दिरांनी आपल्याकडे घेतली.

त्याच दिवशी उलटं एक कामही सांगितलं. नको ते काढायचं, तसं हवं ते वाचवायचं. सिमकार्ड महिनोन्महिने बंद राहिलं की नंबर दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि व्हॉट्सअॅपचं खातं सुमारे 120 दिवस न वापरल्यास बंद होतं. यजमानांचा फोन पाण्यातच गेला होता. पण त्यांनी ज्यांना आवाजी मेसेज पाठवले, त्यांच्याकडे ते बहुधा शिल्लक असतात. नात्यातल्या दहा-बारा जणांकडे विचारल्यावर सात सापडले. ते दोन फोनमध्ये आणि एका मेमरी कार्डावर ठेवले. लगेच ऐकायचे नाहीत, ऐकायचे तेव्हा एकटीने ऐकायचे नाहीत. पहिला ऐकला तो नणंदेबरोबर. त्यात ते ट्रॅक्टरवाल्याच्या भाड्यावरून चिडलेले होते. "असाच बोलायचा," नणंद म्हणाली.

तिसऱ्या भेटीत शेवटच्या चित्राला हात घातला. हे काम प्रशिक्षित माणसानेच करावं, शेजारणीने "सांग बाई काय झालं" म्हणून उकरू नये. गोष्ट काठावर सुरू होऊन काठावरच संपली तर माणूस तिथेच अडकतो. म्हणून सुरुवात त्या सकाळच्या चहापासून केली आणि शेवट त्या रात्रीशी नाही, तर गंधमुक्तीच्या, म्हणजे दुखवटा संपवणाऱ्या विधीच्या, दिवशी माहेरची माणसं आली तिथे केला. मध्ये हात गार पडले, श्वास वर अडकला, नजर एका जागी थिजली. तिथे थांबलो. पाय जमिनीला टेकवून, माठातलं गार पाणी हातावर घेऊन, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला लावली. दहा मिनिटांनी पुढे गेलो.

वस्ती लहान असली की एक गोष्ट हमखास होते. ज्याने बाहेर काढलं तो माणूस त्या घराकडे फिरकत नाही. सुनंदाताईंना वाटत होतं की तो काहीतरी लपवतोय. त्याला वाटत होतं की आपल्याला पाहून त्यांना ते आठवेल. बारा पावलांवरच्या दोन घरांत सात महिने हा अबोला. शेवटी सासूबाईच त्याच्याकडे गेल्या, आणि तो येऊन ओसरीवर बसला. फार काही बोलला नाही. चहा घेतला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. वस्तीत कुणी गेलं की विधवेची आणि पोरांची चौकशी होते, पण शोधायला गेलेल्या पाच-सहा जणांची कुणी करत नाही. झोप न येणं, पाण्यात उतरणं बंद होणं, दारू वाढणं हे तिथेही पाहावं.

मुलगा वडिलांना अग्नी देत असताना त्याला कुणीतरी म्हणालं होतं, "आता तूच घरातला कर्ता." तेव्हापासून पोरगं खेळायला जात नव्हतं आणि भिंतीवरचा फोटो उलटा करून ठेवत होतं. फोटो कुठला, तर आधार कार्डावरचा, मोठा करून मागे निळं आकाश चिकटवलेला. हाच चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर, हाच घरात. त्याला विचारलं तर म्हणाला, "हे पप्पा नाहीत." बरोबरच होतं त्याचं! लग्नातल्या एका फोटोत ते पंगतीत वाढताना दिसतात, हातात बादली आहे, तो त्याने निवडला. लावायचा कुठे तेही त्यानेच ठरवलं. घरातल्या मोठ्यांनी "कर्ता" हा शब्द सोडायचा आणि कुणी म्हणालंच तर आजीने तिथल्या तिथे सांगायचं, "कर्ते आम्ही आहोत, तो शाळेत जातो." आजीने हे दोनदा केलं. दुसऱ्यांदा जरा जोरातच.

मग आखाजी. वैशाख शुद्ध तृतीयेला खान्देशात पितरांच्या नावाने घागर भरतात. कुंभाराकडची नवी घागर, पाणी, वर लोटा, त्यावर डांगर, आंबा, सांजोरी. गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळी आणि आमरसाची आगारी, म्हणजे नैवेद्य. त्याच सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं, देणंघेणं निघतं. वर्षाच्या आत कुणी गेलेलं असेल तर एकाच अंगणात हे तिन्ही येऊन आदळतं. म्हणून तिन्ही आधीच वेगळं करून ठेवलं. हिशेब दिरांनी आठ दिवस आधी मिटवले. माहेरी जायचं का? सासूबाईंचं मत नाही, भावाचं मत हो. सुनंदाताईंनी घागर इथे आणि दुसऱ्या दिवशी माहेर असं ठरवलं. झोक्यावर बसायचं की नाही हे त्यांनी तिथे गेल्यावर बघायचं, आधी कुणाला शब्द द्यायचा नाही. घागरीपुढे नाव कोण घेणार, किती वेळ बसायचं, रडू आलं तर आत कोणाबरोबर जायचं, हेही ठरलं. अशा दिवसाआधीचे तीन-चार दिवस सणापेक्षा जड जातात, तेव्हा नणंदेला आधीच बोलावलं होतं.

एका गोष्टीवर मात्र घरात एकमत होईना, आणि ते आम्ही घडवूनही आणलं नाही. उन्हाळ्यात फुगवटा उतरतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर वस्ती गाळपेर करते, डांगरं लावते. यजमान सापडले ती जागाही तेव्हा कोरडी असते. घागरीवर गाळपेरीतलंच डांगर हवं, दरवर्षी त्याच्याच हातचं असायचं, असं सासूबाईंचं म्हणणं. सुनंदाताईंना त्या मातीतलं फळ घरात नको होतं. दोघींचंही खरं. शेवटी पोरगा बाजारातून एक डांगर घेऊन आला आणि आजीने काही न बोलता ते घागरीवर ठेवलं.

ते चित्र अजून येतं, पण आठवड्यातून दोन-तीनदा, आणि त्याच्या मागून कधी कधी बादली घेतलेले हात येतात. वहीची एकतीस पानं भरली आहेत. आखाजीनंतर डांगर कापलं तेव्हा पोराने बिया धुतल्या आणि पत्र्यावर पसरल्या. अर्ध्या त्याने खाल्ल्या, अर्ध्या कागदात बांधून ठेवल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात गाळपेर करायची की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही.