लुंब्याने टिरका मिसकला

इंग्रजीच्या चाचण्यांविषयी प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातूनही बरेच आले. सारखे होते ते एकत्र केले आहेत. ‘कर्नाटकातल्या या सीमाभागात आधी मराठी शाळा वाचवा, इंग्रजीचं काय घेऊन बसलात’ असंही दोघांनी लिहिलंय. त्यावर मला बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.

खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका : आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. एफएमध्ये (शाळेतल्या आकारिक मूल्यमापनात) माझ्या मुलांना इंग्रजीत चांगले गुण पडतात. धड्याखालचे प्रश्न तर घडाघडा सोडवतात. पण न पाहिलेला उतारा दिला की निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. दोष मुलांचा की माझ्या चाचणीचा?

बाई, आधी हे मराठी वाक्य वाचा : ‘लुंब्याने टिरका मिसकला आणि तो डोफळात ढवसला.’ आता प्रश्न. लुंब्याने काय मिसकला? टिरका. टिरका कुठे ढवसला? डोफळात. टिरका कुणी मिसकला? लुंब्याने. तीनपैकी तीन गुण! आणि या वाक्याला अर्थच नाही, ते मी आत्ता चहा पिता पिता बनवलं.

तुमची मुलं इंग्रजीत नेमकं हेच करतात. प्रश्नातला एखादा शब्द धड्यात हुडकायचा, तो जिथे सापडेल ते वाक्य उचलायचं, ‘बिकॉज’ लावून उतरवायचं. यात मुलांची लबाडी नाही. आपण प्रश्नच असे घालतो की हुडकाहुडकीवर काम भागतं. तेव्हा चाचणी बदला, मुलं आपोआप बदलतील.

शंभर-सव्वाशे शब्दांचा, सोप्या भाषेतला उतारा स्वतः लिहा. खानापूरच्या एस.टी. स्टँडवर चुकलेली बस, पावसात बंद पडलेला जांबोटीचा रस्ता, असं काहीही चालेल. प्रश्न पाच ठेवा. पहिला सरळ असू द्या, धीर यायला. दुसऱ्या-तिसऱ्यात शब्द बदला : उताऱ्यात ‘ती धापा टाकत आली’ असेल तर ‘ती चालत आली की पळत?’ असं विचारा. चौथा असा, की ज्याचं उत्तर कुठल्याही एका ओळीत नाही, दोन ओळी जोडल्या तरच मिळतं. पाचव्यात एखाद्या अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढायला सांगा, आणि तो मराठीत लिहिला तरी पूर्ण गुण द्या. तपासायचंय वाचन, लेखन नव्हे. एका प्रश्नात दोन्ही तपासायला गेलं की मुलाचं नेमकं कुठे अडलं, ते कळत नाही.

यातली एक खोच मला फार उशिरा कळली. निपाणीकडच्या एका शाळेत असताना मी विडीकामगार बायकांवर उतारा लिहिला होता. अख्ख्या वर्गाने झकास सोडवला आणि मी आठवडाभर स्वतःवर खूश. मग लक्षात आलं, निम्म्या पोरींच्या घरी आया विड्याच वळतात. त्यांना माझा उतारा वाचायची गरजच पडली नव्हती, नुसते प्रश्न पाहून उत्तरं येत होती. तेव्हापासून नियम केला : उतारा झाकून ठेवायचा आणि फक्त प्रश्न शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या सरांना द्यायचे. त्यांनी न वाचता सोडवलेला प्रश्न बाद. विषय ओळखीचा हवा, उत्तर मात्र ओळखीचं नको.

निपाणीहून एक पालक : मुलगा इंग्रजी माध्यमात, इंग्रजी हीच प्रथम भाषा. 125 पैकी 112 गुण आहेत. पण बँकेतून इंग्रजीत फोन आला की फोन माझ्या हातात देतो. मग हे 112 कशाचे?

लिहिण्याचे आणि वाचण्याचे. त्या 125 मधले 100 लेखी परीक्षेचे, 25 अंतर्गत मूल्यमापनाचे. बोलणं तपासायला जागा आहे ती या अंतर्गत गुणांत, आणि तिथे बहुतेक ठिकाणी वही, प्रोजेक्ट, घटक चाचणी यांवरच भागवतात. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग असतो, शिक्षकांनाही नावं ठेवता येत नाहीत. लेखी पेपरावरून बोलणं जोखणं म्हणजे पोहण्याची परीक्षा काठावर बसून घेणं.

घरी करून बघा. तीन मिनिटं, एक चित्र किंवा एखादी अडचण : ‘रेल्वेत तुझी बॅग राहिली, स्टेशन मास्तरांना सांग.’ तुम्ही मास्तर व्हा. मधे चूक काढायची नाही, एकही नाही. शेवटी एवढंच पाहा, मास्तरांना बॅग ओळखता येईल इतकं कळलं का? कळलं तर पास. रंग सांगितला नाही, डबा सांगितला नाही, तर पुन्हा.

बेळगाव शहरातील एक नवशिक्षक : कवितेवर प्रश्न कसे काढावेत? ‘सारांश लिहा’ म्हटलं की सगळ्यांचं उत्तर एकाच गाईडमधलं. एकाने तर गाईडमधली छपाईची चूकही उतरवली होती!

ती चूक उतरवणारा मुलगा निदान प्रामाणिक तरी आहे. सर, साहित्याच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात : मुलाला कविता कळली का, आणि कळलेलं इंग्रजीत मांडता आलं का. मराठी माध्यमाच्या मुलाचं बहुतेकदा दुसरं अडतं आणि आपण पहिल्याचे गुण कापतो. दहावीला शेक्सपिअरच्या नाटकातलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण कविता म्हणून आहे. दया वरून पडणाऱ्या पावसासारखी असते, देणाऱ्याचंही भलं करते आणि घेणाऱ्याचंही, हे आपल्या पोरांना न कळण्यासारखं आहे का? भागवत सप्ताहात वाढलेली पोरं ही. पण समोर ‘एक्सप्लेन’ शब्द आला की गाईडचं पान डोळ्यापुढे येतं.

म्हणून माझा आग्रह असा, की वर्गातल्या चाचणीत साहित्याचा एक प्रश्न मराठीत उत्तर लिहायला द्यायचाच. बोर्डात चालणार नाही, ठाऊक आहे. पण तुम्हाला कळेल, कुणाला कविता शिकवायची आणि कुणाला फक्त इंग्रजी वाक्य बांधायला. दोघांना एकच औषध देऊन उपयोग नाही.

इंग्रजीतले प्रश्न असे काढा की गाईडवाल्याने ते आधी कल्पिलेच नसतील. पोर्शिया हे कुणाला उद्देशून म्हणते, आणि त्या माणसाने उलट उत्तर दिलं तर काय म्हणेल? दोन वाक्यं पुरेत. कवितेतली कुठली एक ओळ काढून टाकली तर सगळ्यात जास्त नुकसान होईल, आणि का? याला एक असं बरोबर उत्तर नाही, म्हणून ते छापता येत नाही. गुण ओळीच्या निवडीला द्यायचे नाहीत, कारणाला द्यायचे.

आणि कवितेच्या ओळी पाठ लिहिण्याचा प्रश्न? त्याला नाक मुरडू नका. हरिपाठ पाठ करतच आपल्या कित्येक पिढ्यांचा कान तयार झाला. फक्त तो प्रश्न स्मरणशक्ती आणि स्पेलिंग तपासतो, साहित्याची समज नव्हे, एवढं मनात ठेवून गुण वाचावेत.

चिकोडी भागातील दोन सहकारी शिक्षक : एकाच निबंधाला आमच्यातला एक 5 पैकी 2 देतो, दुसरा 4. व्याकरणाच्या चुकांना किती गुण कापायचे यावरून वाद होतो.

वाद होतो हे फार चांगलं. जिथे होत नाही तिथेही हा फरक असतोच, कुणी बघत नाही इतकंच.

सगळ्या चुका एका मापाने मोजू नका. आपला मुलगा बसबद्दल ‘शी केम लेट’ लिहितो, कारण मराठीत बस ‘ती’ आहे. तोच शेजारचा कन्नड माध्यमाचा मुलगा ‘इट’ लिहितो. तो हुशार म्हणून नव्हे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष करतच नाहीत. किंवा ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ घ्या. आपल्या ‘दोन वर्षांपासून राहतो’चा तो सरळ शब्दशः अनुवाद. या चुका दुरुस्त करायच्याच, पण अर्थ कुठेही अडत नाही. आता हे पाहा : ‘केम होम, वॉज अँग्री, वेंट अगेन.’ मराठीत ‘घरी आला, चिडला होता, परत गेला’ चालतं, क्रियापदच सांगतं तो की ती. इंग्रजीत कोण आलं, कोण चिडलं, पत्ता नाही. ही चूक वाचणाऱ्याला अडवते. पहिल्या जातीच्या चुकांना सगळ्या मिळून एखादा गुण कापा, दुसऱ्या जातीला जास्त. एकाच जातीची चूक सात वेळा झाली तर एकदाच मोजा. नाहीतर जास्त लिहिणाऱ्या मुलालाच जास्त फटका बसतो आणि ते दोन ओळींवर थांबायला शिकतं.

तपासण्याआधी गुण फोडून कागदावर लिहा : सांगायचं ते सांगितलं का, 2, वाचणाऱ्याला न अडखळता कळलं का, 2, स्वतःचं असं एखादं वाक्य आहे का, 1. मग दहा पेपर नावं दुमडून दोघांनी वेगवेगळे तपासा. एकापेक्षा जास्त गुणाचा फरक पडेल तेवढ्याच पेपरांवर बोला. दोन-तीनदा केलंत की हात जुळतात. आणखी एक : एकेक पेपर संपवत जाऊ नका, आधी सगळ्यांचा एकच प्रश्न तपासा. पहिल्या पानावरचं सुंदर अक्षर शेवटच्या पानापर्यंत गुण मिळवत राहतं. मी स्वतः त्याला बळी पडलोय.

एक मुख्याध्यापक : तुम्ही म्हणता तशा चाचण्या घेतल्या तर गुण खाली येतात. पालकांना आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला काय सांगायचं?

हेच, की ताप मोजला म्हणून ताप येत नाही. 2024 साली दहावीच्या परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट नजर, आलं. कर्नाटक राज्याचा निकाल आदल्या वर्षी 83.89 टक्के होता, तो ग्रेस गुण वाढवूनही 73.40 वर आला. सगळं कॅमेऱ्यावर ढकलता येणार नाही, पण त्या मुलांना इंग्रजी एका वर्षात विसरलं असंही नाही. जुलैतल्या चाचणीत कळलेलं बरं की मार्चमधल्या पेपरात, हे पालकसभेत विचारून बघा. गुणांच्या वहीत या चाचण्या वेगळ्या रकान्यात ठेवा, म्हणजे एफएच्या आकड्यांना धक्का लागत नाही आणि शिक्षकही मोकळेपणाने घेतात.

एक निवृत्त शिक्षक : आमच्या वेळची डिक्टेशन आता मागासलेली म्हणतात. खरं का?

मुळीच नाही. सुटे शब्द घालणं ही फक्त स्पेलिंगची परीक्षा, पण सात-आठ शब्दांचं वाक्य एका दमात वाचून लिहायला सांगितलं, तर ऐकणं, अर्थ धरून ठेवणं, व्याकरण सगळं एकदम लागतं. तिचीच एक धाकटी बहीण आहे : उताऱ्याचं पहिलं वाक्य तसंच ठेवून पुढचा दर सातवा शब्द गाळायचा आणि मुलांनी तो भरायचा. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये ही युक्ती मजकूर किती सोपा-अवघड आहे ते मोजायला काढली. पुढे भाषेच्या परीक्षांनी उचलली. खर्च शून्य, तपासायला पाच मिनिटं. अर्थाला जुळणारा दुसरा शब्द आला तरी गुण द्यायचे.

कणकुंबी भागातली एक विद्यार्थिनी : सर, मी मराठी माध्यमात आहे. दहावीला इंग्रजीत नापास झाले. बाकी विषय सुटले. एक्झाम-2 ला, म्हणजे त्याच वर्षीच्या दुसऱ्या संधीला, बसणार आहे. पासिंग पॅकेज (पास होण्यापुरत्या ठरावीक प्रश्नोत्तरांचा संच) पाठ केलं तर होईल का? बाबा गोव्यात कामाला असतात, घरी शिकवणारं कुणी नाही.

होईल गं, पण नुसतं पाठ करून ठेवू नकोस. इंग्रजी तुझी द्वितीय भाषा, लेखी पेपर 80 गुणांचा. त्यात पत्र, चित्रवर्णन, मुद्द्यांवरून गोष्ट आणि न पाहिलेला उतारा हे प्रश्न पाठ करून सुटत नाहीत, पण सरावाने लवकर सुटतात, आणि पॅकेजवाली मुलं नेमके तेच सोडतात. या संधींमधले जे गुण चांगले तेच धरतात, त्यामुळे आधीच्या गुणांचं ओझं घेऊ नकोस. पेपर हातात आल्यावर पहिली 15 मिनिटं फक्त वाचायला असतात. त्यात उतारा दोनदा वाचून काढ.

आणि बाबा गोव्यात आहेत ना? मग रोज संध्याकाळी त्यांना पाच ओळींचं पत्र इंग्रजीत लिही आणि फोटो काढून पाठव. पाऊस किती पडला, म्हैस व्यायली का, लाइट कधी गेली. त्यांना वाचता येत नसेल तर तिथल्या कुणाकडून वाचून घेऊ देत, आणि त्यांना काय कळलं ते रात्री फोनवर मराठीत सांगू देत. तू लिहिलंस एक आणि त्यांना कळलं दुसरंच, तर ते वाक्य दुसऱ्या दिवशी नव्याने लिही.